वळीमागचा कोंब

८ जुलै, मिरज

यादी आज लवकर संपली. आमच्या डॉक्टर सरांनी आम्हा सगळ्यांना बसवून घेतलं आणि ३३० अंशांत बघणाऱ्या स्कोपचा अभ्यास समजावून सांगितला. एंडोस्कोपी रूममध्ये उभं राहून माझी उमेदीची वर्षं गेली, पण आपल्या पडद्यावर जे येतच नाही त्याचा हिशेब इतक्या उघडपणे कधी कानावर पडला नव्हता.

नेहमीच्या कोलोनोस्कोपचं भिंग टोकाला असतं आणि ते समोर बघतं. त्याचा आवाका १४० ते १७० अंशांचा. मोठं आतडं मात्र सरळ नळी नाही. साधारण दीड मीटर लांबी, त्यात मोठी वळणं, आणि आतून जागोजागी आडव्या वळ्या, साडीच्या निऱ्यांसारख्या. स्कोप आधी सिकमपर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथपर्यंत, न्यायचा आणि मग मागे घेत घेत तपासायचं, ही पद्धत. त्यात वळीची आपल्याकडची बाजू नीट दिसते, सिकमकडची बाजू आडोशाला राहते. कोंब, म्हणजे पॉलिप, नेमका तिथे असला तर स्कोप त्याच्या शेजारून निघून येतो.

इस्रायलच्या पीअर मेडिकल कंपनीने यावर उपाय काढला. टोकाला समोर एक भिंग, दोन्ही बाजूंना एकेक, आणि तिन्ही चित्रं तीन पडद्यांवर शेजारी शेजारी. पुढे ती अमेरिकेतल्या एंडोचॉइसमध्ये गेली आणि हा स्कोप ‘फ्यूज’ नावाने ओळखला जाऊ लागला. डॉ. इयान ग्रालनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. एकाच पेशंटची एकाच दिवशी लागोपाठ दोनदा तपासणी, एकदा साध्या स्कोपने, एकदा फ्यूजने. आधी कोणता, ते सोडतीवर. दुसऱ्या खेपेला जे नवीन सापडेल ते पहिल्या खेपेला निसटलेलं. साधा स्कोप आधी घातला त्या गटात एकूण ४९ ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारे कोंब, मिळाले, त्यातले २० पहिल्या खेपेला निसटले होते. फ्यूज आधी घातला त्या गटात ६७ पैकी ५.

४१ टक्के आणि ७ टक्के. घरी आल्यावरही हेच दोन आकडे डोक्यात होते. ‘तुमची तपासणी नॉर्मल आहे’ असं ऐकून किती जण माझ्यासमोर निर्धास्त होऊन घरी गेले असतील.

९ जुलै

कालचं अर्धवट राहिलेलं सरांनी आज चहा घेताना पुरं केलं. इटलीत शौचाच्या तपासणीत रक्त आढळलेल्या लोकांचे दोन गट केले, एकाला फ्यूज, दुसऱ्याला साधा स्कोप. दोन्ही गटांत ॲडिनोमा सापडलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. आमच्याकडे कामाला लागलेला नवा मुलगा लगेच म्हणाला, “म्हणजे फुकटच की!” मला तसं वाटत नाही. पहिल्या अभ्यासाने किती कोंब निसटले ते मोजलं, दुसऱ्याने निदान एक तरी कोंब किती पेशंटांत सापडला ते. एकाच आतड्यात एक सापडला आणि दुसरा राहिला, तर दुसऱ्या मोजणीत तो राहिलेला दिसतच नाही. पेशंटच्या दृष्टीने मात्र राहिलेला कोंब हा राहिलेलाच.

एंडोचॉइसही २०१६ मध्ये बोस्टन सायंटिफिकने विकत घेतली. तो स्कोप आमच्या टेबलावर कधी आला नाही. वळीमागे बघायच्या इतरही युक्त्या निघाल्या. थर्ड आय रेट्रोस्कोप हा स्कोपच्या नळीतून पुढे काढून उलटा वळवायचा बारीक कॅमेरा. एंडोकफ म्हणजे टोकावर बसवायची, मऊ बोटं असलेली टोपी, मागे येताना ती वळ्या सपाट करते. इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत एंडोकफमुळे ॲडिनोमा सापडलेल्या पेशंटांचं प्रमाण ३६.२ वरून ४०.९ टक्क्यांवर गेलं. हे उपकरण साधं आहे, आहे त्याच स्कोपवर बसतं. आमच्यासारख्या ठिकाणी आधी काय आणावं म्हणून मला कोणी विचारलं, तर मी याचं नाव घेईन.

१२ जुलै

अथणीहून आलेल्या आजोबांची तपासणी अर्ध्यावर सोडावी लागली. पडद्यावर टोमॅटोच्या बिया, कोथिंबिरीची पानं आणि पिवळा गाळ. मी धुतेय, सर ओढून घेतायत, आणि बियांनी सक्शन पुन्हा पुन्हा तुंबतंय. औषधाचं पाणी त्यांनी निम्मंच घेतलं होतं, उलटी येते म्हणून. सोबतच्या सुनेला मराठी नीट येत नाही आणि आमचा सूचनांचा कागद फक्त मराठीत. निम्मी ओपीडी चिक्कोडी, अथणी, जमखंडीकडची, आणि कागद कानडीत नाही! भिंगं तीन असोत की तेरा, गाळाखालचं त्यांना काय दिसणार? आमच्या कॅश काउंटरवरच्या मॅडमचं कानडी चांगलं आहे. त्यांच्याकडून आजच कानडी मजकूर लिहून घेतला, सरांना दाखवला आणि झेरॉक्सला दिला. औषध दोन हिश्शांत घ्यायचं, निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या दिवशी पहाटे, हे वाक्य मोठ्या अक्षरांत.

१६ जुलै

जत तालुक्यातल्या एक ताई, वय ५२. शौचातून रक्त जाण्याचा त्रास जुना. मूळव्याध म्हणून मलम, चूर्ण, एका ठिकाणी इंजेक्शनंसुद्धा झाली. आत बघावं असं एवढ्या काळात एकालाही सुचलं नाही. याचा मला मनापासून राग येतो. पन्नाशीच्या आसपास रक्त जातंय तर मूळव्याध असली तरी आत बघायलाच हवं, कारण मूळव्याध आहे म्हणून वर काही नाही असं थोडंच असतं!

रक्ताचं कारण सिग्मॉइडमध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, लगेच मिळालं. दीड सेंटिमीटरचा, देठावर लोंबणारा, लालभडक पॉलिप. तो कोणाच्याही नजरेतून सुटला नसता. येताना काढू म्हणून सर पुढे गेले. आतड्याच्या आडव्या भागात, ट्रान्सव्हर्समध्ये, स्कोपचा लूप झाला. “सिस्टर, प्रेशर.” मी पोटावर तळवा दाबून धरला आणि स्कोप पुढे सरकला. सिकम आलं, अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो घेतला, मागे यायला सुरुवात केली.

उजवी बाजू बघून झाली होती. पण सरांची पद्धत अशी की तेवढा भाग पुन्हा एकदा बघायचा. ते परत सिकमपर्यंत गेले. दुसऱ्यांदा मागे येताना एका वळीच्या कडेवरून पिवळसर शेंबडासारखा पट्टा खाली उतरलेला मला दिसला. बाकी सगळं आतडं लख्ख धुतलेलं, मग एवढाच पट्टा कसा चिकटून? मी म्हटलं, “सर, त्या वळीवर पाणी मारू का?” पाणी मारलं, पट्टा निघाला. सरांनी स्कोपच्या टोकाने वळी दाबून सपाट केली. तिच्या मागच्या अंगाला फिकट, चपटा डाग. कडा धड समजत नव्हती, रंग आजूबाजूसारखाच, फक्त तेवढ्या जागेवरच्या बारीक रक्तवाहिन्या दिसेनाशा झालेल्या. खाली निळं सलाईन टोचल्यावर तो फुगून वर आला आणि त्याचा खरा आकार कळला. स्नेअरने काढला. देठाचा पॉलिपही काढला. फॉर्मालिनच्या दोन बाटल्यांवर लेबलं मीच लावली.

तारेचा फास टाकून पॉलिप काढण्याची ही रीत न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी १९६९ मध्ये सुरू केली. त्याआधी एवढ्यासाठी पोट उघडावं लागायचं. ताई तासाभरात उठून बसल्या आणि चहा मागितला.

१८ जुलै

सरांशी बोलले. म्हटलं, सिकमपासून बाहेर येईपर्यंत किती मिनिटं लागली ते आपण प्रत्येक रिपोर्टात लिहू या, सोबत आतडं किती स्वच्छ होतं तेही. अमेरिकेतल्या रॉकफर्ड शहरातल्या १२ डॉक्टरांचा अभ्यास २००६ मध्ये आला होता. जे मागे यायला सरासरी सहा मिनिटं किंवा जास्त घेत त्यांना २८.३ टक्के पेशंटांत ॲडिनोमा सापडले, घाई करणाऱ्यांना ११.८ टक्के. शहर तेच, पेशंट त्याच प्रकारचे. कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांवर तपासण्यांचा हिशेब २०१४ मध्ये आला. डॉक्टरचं ॲडिनोमा सापडण्याचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं की त्याच्या पेशंटला पुढे आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी होतो.

सर हो म्हणाले. बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना ते रुचलं नाही. आमच्यावर घड्याळ लावणार का, असं म्हणाले. मी गप्प बसले नाही. पेशंट उपाशीपोटी राहून, रात्रभर संडासाच्या वाऱ्या करून येतो. त्याला आपण किती वेळ दिला हे कागदावर यायला हरकत काय? सरांनी माझी बाजू घेतली. आजपासून रिपोर्टात तो रकाना सुरू.

२४ जुलै

ताईंचा रिपोर्ट आला. देठाचा तो ॲडिनोमा, कॅन्सर नाही, कडा मोकळ्या. वळीमागचा तो सेसाइल सेरेटेड पॉलिप. हा चपटा प्रकार बहुतेक उजव्या बाजूला असतो आणि नजरेतून सहज निसटतो. सरांनी तीन वर्षांनी पुन्हा तपासणी लिहिली आहे.

ताईंच्या मुलाला फोन करून समजावलं. मोठा ॲडिनोमा निघाला की सख्ख्या भावंडांनीही वेळेत बघून घ्यायला हवं, साधारण चाळिशीपासून. ताईंचा भाऊ ४७ वर्षांचा, डाळिंबाची बाग आहे. त्याचं म्हणणं, मला काहीच त्रास नाही, मग कशाला? संध्याकाळी त्याला मीच फोन लावला. त्रास नसतानाच बघायचं असतं दादा, आज ज्याला कोंब म्हणतो त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-एक वर्षं लागतात, तेवढ्या अवधीत तो काढून टाकता येतो. बराच वेळ बोललो. खर्च विचारला, तो सांगितला. भूल असते का, दुखतं का, सगळं विचारून घेतलं. बहार धरायच्या आधी मोकळा आहे म्हणाला. २ ऑगस्टची सकाळची पहिली वेळ त्याच्या नावावर लिहिली आहे.