चोपन्न हजारच का आले?

साठ हजारांचं बिल पाठवलं होतं, खात्यात आले चोपन्न हजार. घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं मी स्वतंत्रपणे घ्यायला लागले, त्यातलं हे पहिलं मोठं काम. मी तावातावाने त्या ऑफिसात फोन केला. पलीकडचा अकाउंटंट शांतपणे म्हणाला, "मॅडम, टीडीएस कापलाय. दहा टक्के."

तुम्हीही नोकरी न करता कामं घेत असाल, तर हा फोन तुम्ही केला असेल किंवा कराल. मी तेव्हा दोन चुकीच्या समजुती करून घेतल्या. एक, ते सहा हजार गेले. दोन, कर कापलाच आहे, म्हणजे आता आपलं काही देणं उरलं नाही. बाबांना विचारलं, तर ते आयुष्यभर नोकरीवाले. "फॉर्म 16 मिळाला का?" एवढंच त्यांना ठाऊक. तो आपल्याला मिळत नाही.

पहिली समजूत 2023-24 च्या रिटर्नने मोडली. वर्षाची जमा 6 लाख होती, त्यातल्या 4 लाखांवर कंपन्यांनी 40 हजार कापलेले. कलम 44एडीएखाली काही ठरावीक व्यवसायांना जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, जमाखर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर यांच्याबरोबर अंतर्गत सजावटही त्या यादीत आहे. शिकवणी घेणारे नाहीत, म्हणून आधी यादी पाहा. माझं उत्पन्न धरलं गेलं 3 लाख, कर शून्य. कापलेले सगळे पैसे परत मिळायला हवे होते.

पण आयकराच्या पोर्टलवर 26एएस उघडलं, तर त्यात 34 हजारच! एका ऑफिसने माझ्या पॅनमधला एक आकडा चुकवला होता आणि माझे सहा हजार भलत्याच्या नावावर जमा झाले होते. तीन आठवडे फोन केले, तेव्हा कुठे दुरुस्ती झाली. (हो, तेच ते पहिलं बिल.) रिटर्न भरण्याआधी 26एएस आणि एआयएस आपल्या बिलांशी ताडून बघा. हे काम सीएवर सोडू नका. कुठलं बिल कुणाचं, हे त्यांना कसं कळणार?

दुसरी समजूत पुढच्या वर्षी मोडली. जमा 16 लाखांवर गेली, पण बहुतेक कामं घरगुती गिऱ्हाइकांची. ती टीडीएस कापत नाहीत. पूर्ण पैसे हातात येतात, बरं वाटतं. निम्मं उत्पन्न 8 लाख, कर 31,200. कापलेले फक्त 12,000. उरलेले 19,200 माझ्याकडे नव्हते, कारण तोवर नवा लॅपटॉप आला होता. शिवाय देणं 10 हजार किंवा त्याहून जास्त असलं, की अग्रिम कर भरावा लागतो. 44एडीएवाल्यांना तो एकाच हप्त्यात, 15 मार्चपर्यंत. मी जुलैत भरला, आईकडून उसने घेऊन. व्याज 960 रुपये. रक्कम छोटी, पण आईकडे मागताना जड गेलं.

माझे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका. नव्या करप्रणालीत करमाफीची उत्पन्नमर्यादा तेव्हा 7 लाख होती, 2025-26 पासून 12 लाख झाली. 1 एप्रिल 2026 पासून तर आयकर कायदाच नवा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत. आणि वर्षाची जमा 20 लाखांकडे सरकू लागली, तर जीएसटीची चौकशी वेळेत करा. काही राज्यांत ही मर्यादा आणखी कमी आहे.

आता प्रत्येक बिलाचे दहा टक्के मी दुसऱ्या बचत खात्यात टाकते आणि त्या खात्याचं कार्ड घेतलेलंच नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 15 मार्चभोवती लाल गोल आहे, आईने सिलिंडर आल्याची तारीख लिहिलीय त्याच्या शेजारीच.