टायमिंग बेल्ट: घरी की गॅरेजात?

गाडीतल्या सगळ्या भागांमध्ये टायमिंग बेल्ट हा सगळ्यात अबोल प्राणी. ब्रेक संपत आले की किंचाळतात, बॅटरी मरायला टेकली की कुरकुरते, टायर तर डोळ्यांना दिसतात. हा बेल्ट मात्र इंजिनाच्या एका बाजूला प्लास्टिकच्या झाकणामागे गपगुमान फिरत असतो आणि बहुतेक वेळा काहीही न सांगता एक दिवस तुटतो.

काम तसं सोपं. खाली क्रँकशाफ्ट, वर कॅमशाफ्ट. क्रँक २ वेळा फिरला की कॅम १ वेळा फिरला पाहिजे, न चुकता. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर कॅम १२०० घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २० वेळा उघडून मिटतो. हे सगळं जुळवून धरणारा कोण, तर दाते असलेला एक रबरी पट्टा. काही इंजिनांत तो तुटला तर गाडी नुसती बंद पडते. आमच्या होंडा ओडिसीच्या ३.५ लिटरच्या व्ही-६ मध्ये मात्र उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची टक्कर होते. मग खर्च पट्ट्याचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

ही ओडिसी २००७ची. साधारण १,०५,००० मैल किंवा ७ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बेल्ट बदला, असा सर्वसाधारण हिशेब. त्याप्रमाणे २०१४ साली पहिला बेल्ट इथल्या एका गॅरेजात बदलून घेतला. सकाळी गाडी दिली, दुपारी चारला परत आणली. ११०० डॉलर मोजले आणि विसरून गेलो.

दुसरी वेळ आली २०२२ मध्ये. गाडीवर १,९०,००० मैल झाले होते आणि त्याच ऑगस्टमध्ये लेक ती घेऊन ओहायोत कोलंबसला कॉलेजला जाणार होती. डेट्रॉइटजवळच्या आमच्या गावापासून जवळपास २०० मैल, सगळा हायवे. गॅरेजवाल्याने या वेळी १३५० सांगितले. म्हटलं, आपण का करू नये?

आता हा प्रश्न पुण्यात पडला नसता. आमच्या बाबांच्या मारुती ८०० मध्येही टायमिंग बेल्टच होता, पण ते मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. गाडीला काही झालं की ती कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जायची, एक पोरगा तिच्याखाली शिरायचा आणि संध्याकाळी ती परत यायची. मी मेकॅनिकल इंजिनिअर. परीक्षेत व्हॉल्व्ह टायमिंगची आकृती झोपेत काढून दाखवली असती. पण इंजिनाला पाना लावायचा प्रसंग कधी आला नाही. खंडेनवमीला आमच्याकडे पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर धुऊनपुसून पाटावर मांडायचे. हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा डब्यात. हत्यारांना नमस्कार करायचा, ती चालवायला माणूस बोलवायचा. त्या माणसाची मजुरी इतकी कमी असायची की शिकायची गरजच पडली नाही. इथे मजुरी महाग आहे म्हणून शेजारचा वकीलसुद्धा स्वतःच्या गाडीखाली झोपलेला दिसतो.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अरे, तिकडे मेकॅनिक मिळत नाहीत का?" बायकोचा प्रश्न जास्त अवघड होता. "पोरगी एकटी जाणार आहे त्या गाडीतून. नक्की?"

खरा मुद्दा हाच होता. १३५० डॉलर वाचवायचे की नाही हा हिशेब कुणालाही जमतो. गॅरेजवाला पावती देतो, कामाची वर्षभराची हमी देतो आणि मुख्य म्हणजे काही झालं तर बोट दाखवायला एक जागा देतो. घरी केलं की ती जागा आपलीच. यावर मी आठवडाभर विचार केला, मगच पार्ट्स मागवले.

पट्टा एकटा बदलत नाहीत. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. उद्या तो गळला तर सगळं पुन्हा उघडावं लागणार, म्हणून पंप, टेन्शनर आणि पुल्या सगळं एकत्र. शिवाय कूलंट, बाहेरचा ड्राइव्ह बेल्ट आणि पुली धरून ठेवायचं एक हत्यार. सगळे मिळून ३४० डॉलर.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. उजवं पुढचं चाक काढलं, इंजिनाला खालून जॅक आणि लाकडाच्या ठोकळ्याचा टेकू दिला, वरचा माउंट सोडवला. मग तो सुप्रसिद्ध क्रँक पुलीचा बोल्ट! १९ मिलिमीटरचा, आठ वर्षं जागेवर बसलेला. लांब दांडा लावून लेक आणि मी दोघंही लोंबकळलो तेव्हा कुठे तो बंदुकीसारखा आवाज करून सुटला. होंडाच्या मॅन्युअलमधली एक गंमत सांगतो. बॅटरी धरून ठेवणारा बोल्ट काढा, त्याचं टोक घासा आणि बेल्टचा अॅडजस्टर जागेवर धरायला तोच वापरा, असं त्यात चक्क छापलंय. इतका मोठा कारखाना आणि अस्सल देशी जुगाड :)

नवा बेल्ट चढवून, खुणा जुळवून टेन्शनरची पिन ओढली. त्यानंतर इंजिन सुरू करायचं नसतं. पान्याने क्रँक हाताने फिरवायचा, पूर्ण ६ फेरे, आणि खुणा पुन्हा बघायच्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. हे काम मी लेकीला दिलं. तिने ६ फेरे फिरवले, खुणा पाहिल्या, मग मला न विचारता आणखी ६ फिरवले. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने नंतर तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

दोन दिवस मिळून १३ तास लागले. १०१० डॉलर वाचले, म्हणजे ताशी ७८ च्या आसपास. वाईट नाही. पण २०१४ मध्ये त्या माणसाने हेच काम चारच्या आत संपवलं होतं, तेही धाप न लागता. मला तेव्हा ११०० जास्त वाटले होते, आता वाटत नाहीत. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या त्या पोराला आपण काय देत होतो, हेही आठवतं.

कुणी विचारलं तर मी सरसकट "घरीच करा" म्हणणार नाही. जागा, दोन मोकळे दिवस, टॉर्क रेंच आणि त्या दोन दिवसांत दुसरी गाडी नसेल तर सरळ गॅरेज गाठा. आपल्या इंजिनात चेन आहे की बेल्ट, हे आधी बघा. बायकोच्या २०१३ च्या सीआर-व्हीमध्ये चेन आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. आणि सेकंडहँड गाडी घेत असाल तर बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

आमच्याकडे मात्र या वेळी पावती नाही. लेकीने सर्व्हिसच्या वहीत तारीख आणि मैल लिहिले. 'काम कोणी केलं' या रकान्यात दोन नावं आहेत, आणि पहिलं तिचं आहे.