चतुःसीमा

फुलंब्रीत कचेरीसमोर टेबल टाकून मी लोकांचे कागद लिहितो. खरेदीखत असो, वाटणीपत्र असो की बक्षीसपत्र, एका ओळीपाशी आलो की मी लेखणी उचलून समोरच्या माणसाकडे पाहतो. ‘ज्याची चतुःसीमा येणेप्रमाणे.’ पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस पाणंद, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गावाची शीव. एवढं सांगताना गप्प माणूससुद्धा बोलका होतो. ओढ्याकाठची बाभूळ कुणी लावली, पाणंद कोणत्या साली अडवली, शेजाऱ्याने बांध किती कोरला, सगळं निघतं. जमिनीचं वर्णन माणसं मधून करत नाहीत, कडेने करतात, हे मला या टेबलाने शिकवलं.

एका मे महिन्यात एक तरुण वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रासाठी आला. त्याचे चुलते फौजेत होते. निवृत्त झाल्यावर ते गावी परतलेच नाहीत. सातबाऱ्यावर आता त्यांच्या मुलाचं नाव लागलेलं होतं, आणि हक्क सोडायला तो येणार होता. चिठ्ठीवर पत्ता लिहिलेला: कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबार, जिल्हा निकोबार.

“अण्णा, हा जिल्हा कुठं येतो?” पोराने विचारलं.

आपल्या भागात निकोबारचं नाव वर्षातून एकदा निघतं. मेच्या मध्यावर, मका आणि कपाशीची चिंता सुरू झालेली असताना, मान्सून अंदमान-निकोबारला पोहोचल्याची बातमी येते. पारावर पेपर वाचणारा ती मोठ्याने वाचतो आणि ऐकणारे नकळत आभाळाकडे पाहतात. पावसाची पहिली वर्दी देणारी ती जागा एक जिल्हा आहे, तिथे तहसील आहे, कारकून आहेत, हे तोवर माझ्याही मनात आलं नव्हतं. त्या रात्री मुलांचा जुना नकाशासंग्रह काढला. भारताच्या नकाशात ती बेटं उजव्या खालच्या कोपऱ्यात, शाईचे थेंब सांडावेत तशी.

सवयीने मी त्या जिल्ह्याची चतुःसीमा लिहून काढली. पूर्वेस अंदमान समुद्र. पश्चिमेस बंगालचा उपसागर. उत्तरेस टेन डिग्री चॅनेल, म्हणजे दहाव्या अक्षांशावरचा सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीचा पाण्याचा पट्टा, आणि त्यापलीकडे अंदमान. दक्षिणेसही पाणीच, आणि पाण्यापलीकडे इंडोनेशियाचं सुमात्रा. चारही दिशांना शेजारी नाही, बांध नाही, शिवेवरचा मारुती नाही. असा कागद मी आयुष्यात लिहिला नव्हता.

मग आकडे पाहिले आणि चकित झालो. २०११ च्या जनगणनेत आपल्या, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२. निकोबारची ३६,८४२. आपल्याकडची शंभर माणसं, तेव्हा तिथलं एक. क्षेत्रफळ १,८४१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तेही वीस-बावीस बेटांत वाटलेलं. त्यांतल्या कित्येक बेटांवर वस्तीच नाही.

ही बेटं अंदमानपासून वेगळी करून १ ऑगस्ट १९७४ रोजी स्वतंत्र जिल्हा केला गेला. मुख्यालय उत्तरेच्या कार निकोबार बेटावर. उपविभाग तीन: कार निकोबार, मधल्या बेटांचा नानकौरी आणि दक्षिणेचा कॅम्पबेल बे. त्यांत सात तहसिली. आपण जिल्ह्याची वाटणी करतो तेव्हा नकाशावर रेघ ओढतो. १ मे १९८१ ला जालना औरंगाबादपासून वेगळा झाला तो रेघेनेच. एका बाजूचा फुलंब्रीचा भाग या जिल्ह्यात राहिला, पलीकडचं भोकरदन त्या जिल्ह्यात गेलं, आणि मधून वाहणाऱ्या गिरिजेला त्याचा पत्ताही नाही. फुलंब्री तालुकाही असाच शेजारच्या तालुक्यांतली गावं एकत्र करून झाला. १९९१ च्या जनगणनेत तो सापडत नाही, २००१ च्या जनगणनेत आहे. निकोबारच्या वाटण्या मात्र लाटांनी आधीच करून ठेवल्या होत्या. सरकारने फक्त त्यांना नावं दिली.

आणि सरकारच्याही आधी तिथे एक व्यवस्था होती, ती अजून आहे. निकोबारी माणसाचं घर म्हणजे तुहेत. एका गोताचं मोठं एकत्र कुटुंब. जमीन, नारळाची बाग, डुकरं, सगळं तुहेतचं. आपली अर्धी भांडणं ज्या खातेफोडीतून जन्मतात, ती त्या व्यवस्थेत बसत नाही. गावाच्या प्रमुखाला कॅप्टन म्हणतात. पाटील नाही, सरपंच नाही, कॅप्टन. जहाजांशी व्यापार करता करता रुजलेला हा शब्द मला फार आवडला. चहूकडे पाणी असलेलं गाव म्हणजे तरी काय, नांगर टाकून उभं राहिलेलं जहाजच.

सगळ्यांत जास्त वेळ मी चौरा नावाच्या बेटावर रेंगाळलो. अगदी छोटं बेट. परंपरेने मडकी घडवायची ती चौराच्या बायकांनीच, आणि त्यांना लागणारी माती मात्र शेजारच्या तेरेसा बेटावरची. होडीत माती घालून समुद्र ओलांडायचा, घरी येऊन मडकं घडवायचं, आणि ते मडकं पुन्हा होडीतून दुसऱ्या बेटांवर जायचं. माती एका बेटाची, हात दुसऱ्या बेटाचे, पाणी तिसरीकडचं. ज्याने हा रिवाज पाडला त्याला बेटांना एकत्र बांधून ठेवणं कळत होतं. एकमेकांची गरज लागेल अशी सोय करून ठेवणं, यापेक्षा पक्का बांध मला तरी ठाऊक नाही.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामीची सकाळ आपण टीव्हीवर पाहिली. माझ्या मनात त्या दिवसाचं चित्र चेन्नई-नागपट्टणमचं होतं. भूकंपाचं केंद्र सुमात्रापाशी होतं आणि आपल्या देशात त्याला सर्वांत जवळचा जिल्हा निकोबार, हे मी तेव्हा लक्षातच घेतलं नाही. कार निकोबारची किनाऱ्यावरची गावं वाहून गेली, कच्छाल बेटावर अपार माणसं गेली. त्रिंकेत बेटाचे तुकडे झाले आणि तिथल्या लोकांना कामोर्टावर जाऊन राहावं लागलं. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, देशाचं शेवटचं टोक इंदिरा पॉइंट, सव्वाचार मीटर खचलं. जमिनीवर उभं असलेलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. शेजाऱ्याने फूटभर बांध कोरला तर आपल्याकडे तीन पिढ्या कोर्टात जातात. तिथे समुद्राने बांध कोरला, आणि दाद मागायला कचेरी नव्हती. २००१ मध्ये जिल्ह्यात ४२,०६८ माणसं होती. दहा वर्षांनी पाच हजारांहून अधिक कमी झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो चुलतभाऊ आला. उन्हाने रापलेला, बोलण्यात हिंदीची लय, पण आजीकडून आलेले मराठवाडी शब्द शाबूत. १९६९ पासून पुढच्या दहा-अकरा वर्षांत सरकारने देशभरातली ३३० माजी सैनिकांची कुटुंबं ग्रेट निकोबारवर वसवली. पंजाबची, केरळची, तमिळनाडूची, तशी महाराष्ट्राचीही. त्यांतलं एक यांचं. वडिलांनी जंगल तोडून नारळ-सुपारी लावली, असं तो सांगत होता. त्सुनामीत बाग गेली, घर गेलं, माणसं वाचली. मग पुन्हा नव्या जागी मांडामांड.

कागद झाल्यावर मी न राहवून म्हणालो, “तिकडच्या तुमच्या जमिनीची चतुःसीमा सांगा बरं.”

तो हसला. “उत्तरेला पंजाब्यांची बाग, पश्चिमेला जंगल, दक्षिणेला नाला. पूर्वेला समुद्र लिहा.” मग थांबून म्हणाला, “फक्त किती हातावर, ते लिहू नका.”

आता त्या बेटावर गॅलेथिया खाडीत मोठं बंदर, विमानतळ आणि नवं शहर उभारायचं ठरलं आहे. २०२२ मध्ये त्याला पर्यावरणाची मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यात जाणार. त्याच किनाऱ्यावर चामडी पाठीचं प्रचंड समुद्री कासव अंडी घालायला येतं. आतल्या जंगलात शोंपेन लोक राहतात, २०११ च्या मोजणीत अवघे २२९. त्यांना त्यांच्या जागेची चतुःसीमा कुणी समोर बसवून विचारली असेल का, हा प्रश्न मला छळतो. सीमा विचारल्याशिवाय कागद करू नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य आहे.

संध्याकाळी त्याला फुलमस्तेचा पूल पाहायचा होता. वडिलांनी सांगितलेली नदी. पात्र कोरडं होतं, मधोमध शेळ्या बसलेल्या. मी त्याला पाण्याची वाट सांगितली. फुलमस्ता गिरिजेला मिळते, गिरिजा पूर्णेला, पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला, आणि गोदावरी नांदेडवरून तेलंगणात शिरून राजमहेंद्रीखाली बंगालच्या उपसागरात.

“म्हणजे आमच्या पश्चिमेला,” तो म्हणाला.

“हो. तुमच्या पश्चिमेच्या सीमेला.”

बराच वेळ तो कठड्यावर हात टेकून उभा राहिला. “पाणी कधी येतं हिला?”

“तुमच्याकडं पाऊस लागला की साधारण महिन्याभरानं आमच्याकडं मृग येतो. मग येतं थोडं.”

त्याने फोन काढला. २०२० पासून तिथवर समुद्राच्या तळातून केबल गेली आहे, त्यामुळे आवाज बरा येतो म्हणाला. आपल्याकडे ऊन अजून पुलावर होतं. तिकडे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तासाने पुढे, दिवेलागण होऊन गेली असावी. पलीकडून बायकोचा आवाज आला, आणि त्याने मुलांचं काही विचारायच्या आधी विचारलं, “पडतोय का गं तिकडं?”