गर्दीला नावं ठेवताना

भाऊबीज उलटली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा पाय घरात ठरत नाही. गावोगाव मंडई भरते, पै-पाहुणे उतरतात आणि रात्री नाटक असतं. वडशाच्या नाटक कंपनीची गाडी गावात शिरते आणि अंधार पडायच्या आत आसपासच्या खेड्यांतली माणसं वाटेला लागतात. डोक्याला मफलर, काखेत चटई, कडेवर पेंगुळलेलं पोर. पडदा वर जायला रात्रीचे दहा-अकरा, खाली यायला पहाट. मध्येच कुणी उभा राहिला की मागून आवाज येतो, ‘बस ना बे खाली!’ हशा पिकतो, उभा राहिलेला गुमान बसतो आणि खलनायक पुन्हा आपल्या कामाला लागतो. एवढी माणसं रात्रभर एका मंडपात असतात आणि त्यांना ताळ्यावर ठेवणारीही तीच असतात.

या गर्दीत बसलं की इंग्रजीतला ‘मॉब’ उपरा वाटू लागतो. त्याचं कूळ लॅटिन. ‘मोबिले वुल्गुस’ म्हणजे चंचल रयत, आज इकडे तर उद्या तिकडे. सतराव्या शतकात इंग्रजांनी या जोडशब्दाचं शेपूट छाटलं आणि ‘मॉब’ उरला. जोनाथन स्विफ्टला असले तोडके शब्द खपत नसत. १७१० साली त्याने त्यांच्यावर जाहीर तोंडसुख घेतलं, त्यात ‘मॉब’लाही सोडलं नाही. पण चिडला तो शब्दाच्या आखूडपणावर. रयतेवरचा चंचलपणाचा आरोप तसाच राहिला, आणि साहेबाबरोबर तो आपल्याकडे आला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या चिमूरने तो आरोप सोसला आहे. १६ ऑगस्ट १९४२, ‘छोडो भारत’च्या लढ्यातला नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेलं गाव सकाळी प्रभातफेरीला निघालं. गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा पडला आणि गावाचा तोल गेला. सरकारी अधिकारी आणि पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर गोरी फौज गावात उतरली आणि घराघरांत शिरून तिने बायाबापड्यांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी गांधीवादी प्राध्यापक भन्साळींना ६३ दिवस उपोषण करावं लागलं. गणवेश घालून, हुकमानुसार आलेल्या त्या टोळीला मात्र ‘मॉब’ म्हणायची रीत नव्हती. गर्दीचं नाव बहुधा गर्दीबाहेरचा माणूस ठेवतो, आणि त्याच्या हातात बहुधा सत्ता असते.

म्हणून गर्दी नेहमीच निर्दोष, असं म्हणायची सोय नाही. खिशातला मोबाइल हा ‘मॉब’चाच भाऊबंद, दोघंही ‘हलणारा’ या एकाच लॅटिन मुळातून आलेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात या दोन भावांची गाठ पडली. पोरं पळवणारे आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. ‘तुम्ही कुठले, कुणाचे’ एवढं विचारून उत्तर ऐकायलाही तिथे कुणी थांबलं नाही.

थांबायचं कसं, ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढ्याकडून शिकावं. मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहानसं गाव. इथे बहुमताने काही ठरत नाही. बाया आणि पुरुष गोल करून बसतात, बोलतात, एखाद्याला पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. अवघड प्रश्न आधी अभ्यास गटात चघळला जातो, मग ग्रामसभेपुढे येतो. हात वर करून मोकळं होण्यापेक्षा हे काम फार कंटाळवाणं. पण याच कंटाळ्यातून गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्याने विकला. देवाजी तोफा यांच्यासारखा खमका माणूस गावात आहे, तरी तिथला निर्णय एकट्या देवाजींचा नसतो.

चंचलपणा रयतेच्या रक्तात असता तर मेंढ्याची माणसं वर्षानुवर्षं एका जागी बसून एकेकाची समजूत काढत राहिली नसती. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, बाबासाहेबांपुढे धम्मदीक्षा घ्यायला जमलेला अथांग समुदायही घडीत फिरणारा नव्हता. माणसं तीच असतात. त्यांना विचारायला, ऐकायला, ‘नाही’ म्हणायला वाव मिळाला की त्यांची सभा होते. तो वाव मारला की मॉब होतो, मग अंगात गणवेश असो वा नसो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगला, नुसती सही ठोकून उठू नका. कोपऱ्यात जो गप्प बसला आहे त्याला आधी बोलू द्या.