नेहमीची पट्टी

आमच्या गल्लीतल्या मेडिकलच्या शटरवर 'काही कारणास्तव बंद' अशी पाटी लागली, तेव्हा ते कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. औषध निरीक्षक तपासणीला आले त्या वेळी दुकानाचे फार्मासिस्ट भाऊ जागेवर नव्हते. काउंटरवरचा पोरगाच गोळ्या देत होता आणि एच-वनच्या, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांच्या, रजिस्टरची पानं कोरी होती. कारणे दाखवा नोटीस, खुलासा आणि मग पंधरा दिवस परवाना निलंबित.

तसे भाऊ थोडक्यात सुटले. दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. माणसाचं नाव असतं राज्य फार्मसी परिषदेच्या नोंदवहीत, आणि तिथून ते निघणं ही फार वेगळी गोष्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ३६ वं कलम कोरड्या आवाजात बोलतं. गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा व्यवसायाला लांछन लावणारं वर्तन ठरलं, तर नाव काढता येतं, काही वर्षांसाठी किंवा कायमचंही. प्रमाणपत्र परत करायचं आणि नाव राजपत्रात छापून येतं. लग्नपत्रिकेपलीकडे ज्याचं नाव कुठे छापलं गेलं नाही, त्याच्या नशिबी हा मान! लगेच पुढचं ३७ वं कलम मात्र मला मायाळू वाटतं. पुरेसं कारण दिसलं, तर परिषद शुल्क घेऊन तेच नाव केव्हाही पुन्हा नोंदवू शकते. दार लावणाऱ्यानेच कडी जरा सैल ठेवावी, तसं.

पण शटर वर गेलं म्हणजे माणूस कामावर परतला, असं नाही. भाऊ परतले ते पांढरा ॲप्रन घालून, छातीवर नाव आणि नोंदणी क्रमांक लावून. कोपऱ्यावरच्या काकू नेहमीप्रमाणे आल्या.

"भाऊ, ती झोपेची पट्टी द्या, नेहमीची."

भाऊंनी अल्प्राझोलामची पट्टी काढली, उलटी केली. लाल चौकटीतल्या बारीक अक्षरांवर त्यांचा अंगठा थांबला.

"काकू, चिठ्ठी?"

"अहो, इतकी वर्षं तुम्हीच देताय की!"

त्यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं. पट्टी खणात परत गेली. काकू दोन दुकानं पुढे गेल्या आणि पट्टी घेऊन आल्या.

मग सेफिक्सीम या अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन एक तरुण आला. भाऊंनी एच-वनची वही उघडली आणि डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, सगळं सावकाश लिहिलं. मागची रांग चुळबुळत होती. ही वही २०१४ पासून सक्तीची आहे; नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. इतकी वर्षं कोरी राहिलेली पानं एकेका ओळीने भरत होती.

भाऊंची चूक भाऊंचीच, त्यात मला सूट द्यायची नाही. पण ती सवय त्यांना लावली कुणी? 'गोळीच तर हवी, चिठ्ठी कशाला' म्हणणाऱ्या आपणच. महेश झगडे औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट जागेवर हवाच, या आग्रहाविरुद्ध दुकानदारांनी आवाज उठवला, तेव्हा ग्राहक म्हणून आपण कुणाच्या बाजूने होतो?

तेव्हा मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली, तर चिडू नका. आणि काउंटरवर नुसता पोरगाच दिसला, तर फार्मासिस्ट कुठे आहेत, एवढं विचारा.