‘कुंकू’तली लेक : रत्नागिरीच्या दोन टोकांची गोष्ट

१/ चित्रपटांच्या इतिहासात नायक, नायिका आणि दिग्दर्शक यांची नावे ठळक अक्षरांत येतात. आजचा धागा एका दुय्यम भूमिकेविषयी आहे. चित्रपट ‘कुंकू’, साल १९३७. भूमिका काकासाहेबांच्या मुलीची. तिच्या वाट्याला प्रसंग मोजकेच आले आहेत, परंतु त्यांच्यामागे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास उभा आहे.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीसाठी हा चित्रपट केला. हिंदी आवृत्तीचे नाव ‘दुनिया न माने’. नीरा या तरुण मुलीचे लग्न फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी लावले जाते. ती त्याला नवरा मानायला नकार देते. ती घर सोडून जात नाही. त्याच घरात राहून नाही म्हणते.

३/ चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. दृश्यात जे वाजेल तेवढेच ऐकू येते. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ तर जणू त्या घरातले एक माणूसच आहे. त्या शांततेमुळे प्रत्येक वाक्य टोचते. नीरेच्या भूमिकेत शांता आपटे आहेत आणि काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते.

४/ केशवराव मूळचे आडिवऱ्याचे, म्हणजे राजापूर तालुक्यातले, महाकालीच्या गावचे. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली त्यांची आनंदीबाई गाजली. पुढे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने मराठी रंगभूमीला नवे वळण दिले, त्यातही ते होते. ‘झनक झनक पायल बाजे’मधले नृत्यगुरूही तेच.

५/ काकासाहेब हा खलपुरुष नाही. तो शिकलेला आहे, समाजात मान असलेला आहे. म्हणूनच त्याचा अन्याय ओळखायला कठीण जातो. त्याला तो ओळखायला लावणाऱ्यांत त्याची स्वतःची लेक आहे. समाजकार्य करणारी ही मुलगी बापाच्या घरी येते आणि सावत्र आईच्या, म्हणजे जवळपास आपल्याच वयाच्या मुलीच्या, बाजूने उभी राहते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली.

६/ आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चला. दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ मुर्डी नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. १८९९ साली ते केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. शकुंतलाबाई या त्यांच्या कन्या, जन्म १९०६. आडिवऱ्याचा बाप आणि मुर्डीची लेक असे ते पडद्यावरचे घर आहे.

७/ मुर्डीपासून मुरूड फार दूर नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे हे परांजप्यांचे आप्त. लहान रघुनाथाच्या शिक्षणाला त्यांचाच आधार होता. याच कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्या देवरुखच्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला.

८/ कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो हे पुढे संततिनियमनाचे पुरस्कर्ते झाले. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

९/ शकुंतलाबाई या वातावरणात वाढल्या. त्या केंब्रिजला गणित शिकल्या, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत काम करून आल्या. काही मराठी-हिंदी चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या, पण अभिनय हे त्यांचे आयुष्य नव्हते. म्हणून ‘कुंकू’तली लेक बोलू लागते तेव्हा मला अभिनयाची तालीम जाणवत नाही. हे वाद जिने घरी ऐकले आहेत, अशी व्यक्ती बोलते आहे असे वाटते.

१०/ ही दुय्यम भूमिका काढून टाकली तर काय होईल, याचा विचार करून पाहा. नीरेचा नकार मग एका हट्टी पोरीचा हट्ट ठरवता येईल. घरातली जुन्या वळणाची बाई (विमला वसिष्ठ) तो तसाच ठरवते. पण लेकीला गप्प कसे करणार? तिला बापाबद्दल माया आहे, म्हणून तिचे बोलणे वैर म्हणून झटकता येत नाही. नीरेच्या नकाराला ती घरातूनच साक्ष देते.

११/ देवलांच्या ‘संगीत शारदा’शी (१८९९) तुलना करा. विषय तोच, जरठ-कुमारी विवाह. पण तिथे मुलीच्या बाजूने धावून येतो तो कोदंड, म्हणजे एक तरुण पुरुष. ‘कुंकू’त एक स्त्री नकार देते आणि दुसरी तिला दुजोरा देते. मधल्या अडतीस वर्षांत मराठी समाजात काय बदलले, ते या एका फरकात दिसते.

१२/ कायद्याचेही पाहू. १९२९चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ ठरवले. नवऱ्याच्या म्हातारपणावर मात्र त्यात बंधन नव्हते आणि मुलीच्या संमतीचा प्रश्नही नव्हता. कायदा जिथे थांबला, तिथून ‘कुंकू’ सुरू होतो.

१३/ हा चित्रपट मला इतका जवळचा का, तेही सांगतो. माझी पणजी १९२४च्या सुमारास, बाराव्या वर्षी, बिजवराला दिली गेली. पणजोबा तेव्हा चाळिशी ओलांडलेले. शारदा कायदा अजून सहा वर्षे दूर होता. पणजीने नकार दिला नाही. तो देता येतो हे तिला सांगणारे कोणी नव्हते.

१४/ त्या घरात पहिल्या बायकोची एक मुलगी होती. पणजीहून दोन वर्षांनी मोठी, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. सगळे तिला अक्का म्हणत. आजी सांगायची, की पणजीला अक्षरओळख अक्कानेच करून दिली. दुपारी पुरुषमंडळी झोपली की माजघरात राखेवर बोटाने अक्षरे काढायची आणि कोणी आले की पुसून टाकायची. पुढे पणजीने आपल्या मुलींना शाळेत पाठवण्याचा हट्ट धरला आणि तडीस नेला. माझी आजी त्यांतलीच एक.

१५/ आमचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यात पणजोबांवर पाच ओळी आहेत : शिक्षण, जमीन, देवळाचा जीर्णोद्धार. पणजीवर एक ओळ. आणि प्रथम पत्नीच्या अपत्यांत नुसतेच ‘कन्या १’. अक्काचे खरे नाव काय होते, हे आज घरात कोणालाच ठाऊक नाही. इतिहासाचे साधन म्हणून कुलवृत्तांत मोलाचे आहेतच, पण ते कोणाला प्रमुख भूमिका देतात हे तपासूनच ते वाचावेत.

१६/ शकुंतलाबाईंची नोंद राहिली. संततिनियमनाच्या प्रचाराला त्यांनी आयुष्याची अनेक दशके दिली. १९५८ ते १९६४ त्या विधान परिषदेत होत्या, पुढे १९७० पर्यंत राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य. १९९१ साली पद्मभूषण, २००० साली निधन. त्यांच्या कन्या म्हणजे दिग्दर्शिका सई परांजपे. ‘चश्मेबद्दूर’मधला उधारी मागणारा पानवाला लल्लन मियाँ आठवतो ना? दुय्यम पात्राला पूर्ण माणूस म्हणून वागवण्याची दृष्टी तिथे लख्ख दिसते.

१७/ ‘कुंकू’च्या शेवटी काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो आणि नीरेला मोकळे करणारे पत्र मागे ठेवून ते जीवन संपवतात. चर्चा नेहमी याच शेवटाची होते. माझ्या मते चित्रपट खरा वळतो तो त्याआधी, लेक वडिलांपुढे उभी राहते तिथे. नीरेच्या बाजूने घरातले आणखी एक माणूस उभे राहिल्यावर काकासाहेबांना पूर्वीसारखे वागणे शक्य राहत नाही.

१८/ वाचकहो, एक विनंती. ‘कुंकू’ पाहाल तेव्हा त्या लेकीचे प्रसंग एकदा सलग पाहा. आणि घरात कुलवृत्तांत किंवा जुनी वंशावळ असेल, तर ‘कन्या १’, ‘कन्या २’ अशा नोंदींपुढची नावे आजी-आजोबांना आजच विचारा आणि पेन्सिलीने तिथेच लिहून ठेवा. आमच्याकडे विचारायला उशीर झाला. आमच्या प्रतीत त्या जागी मी ‘अक्का’ एवढेच लिहू शकलो.