दम खाण्याची शिट्टी

यंदा थंडीत मी पहाटेच्या एस.टी.ने कॉलेजला येते. तास सुरू व्हायला अवकाश असतो, म्हणून मैदानाच्या कडेला कट्ट्यावर वाचत बसते. समोर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावत असतात. त्यांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक अशी परीक्षा द्यावी लागते. मागच्या महिन्यात त्यांतली एक प्रथम वर्षाची मुलगी धावता धावता पोट धरून मटकन खाली बसली. मी पाण्याची बाटली घेऊन गेले.

"सकाळी काही खाल्लंस का गं?"

"खाल्लंय की ताई, भाकरी," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

मी गप्प झाले. दहावीत असताना हेच उत्तर मी एकदा दिले होते, आणि ते खोटे होते.

२०२१ च्या ऑक्टोबरात आमच्या गावची शाळा पुन्हा भरली. कोरोनाच्या दीड वर्षात ती मध्ये थोडे दिवस उघडून परत बंद पडली होती. त्या काळात मी आईबरोबर भांगलणीला जात होते, त्यामुळे आपण चांगल्या काटक आहोत असा माझा समज होता. पण शाळेत आल्यावर पाहावे तर मैदानाला एक फेरी मारताना सगळा वर्गच धापा टाकत होता. कबड्डी, खो-खो खेळायचे तर अंगाला अंग लागणार, म्हणून ते बंद. शिवाय दहावीचा पी.टी.चा तास म्हणजे गणिताचा किंवा इंग्रजीचा जादा तास, हे आपल्याकडे न सांगता ठरलेले असते. आमच्या सरांनी हेडमास्तरांकडून परिपाठाआधीची पंधरा मिनिटे मागून घेतली. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या वाट्याला त्यातली पंधरा आली!

सरांनी फक्कीने अंतराअंतरावर खुणा केल्या आणि शिट्टी काढली. २० सेकंद जीव खाऊन उड्या, जागच्या जागी पळणे, बैठका. मग १० सेकंद विश्रांती. अशा आठ फेऱ्या, म्हणजे चार मिनिटे. तबाता नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९९६ साली ही पद्धत जगापुढे मांडली, असे सरांनी सांगितले. अटीतटीचे श्रम आणि मध्ये थोडा दम, ही कल्पना मात्र त्याहून जुनी. एमिल झाटोपेक सरावात ४०० मीटरच्या फेऱ्या पुन्हापुन्हा मारी आणि मध्ये हळू पळून दम घेई. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांचे नाव निघताच आमच्या अंगात बळ आले.

चौथ्या दिवशी, सहाव्या फेरीत, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा सर वर वाकलेले होते. "सकाळी काय खाल्लंस?" त्यांनी विचारले. "भाकरी," मी म्हणाले. सगळा वर्ग भोवती उभा होता. दुसरे काय सांगणार? खरे म्हणजे भाकरी आईबरोबर रानात जायची, आणि मी चहावर शाळेत यायची. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळे. नववीपासून ती बंद, कारण योजना आठवीपर्यंतच आहे. पोटाला मात्र इयत्ता कळत नाही.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. "पळून पळून मरायला घातलीया व्हय शाळंत? बास झालं आता!" आबा गरजले. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. तिथेच सगळे संपणार, असे वाटून मी रात्रभर जागी होते. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने चारलाच चूल पेटवली. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवून मी खाईपर्यंत उभी राहिली, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून माझ्याबरोबर शाळेत आली. शाळेच्या पायरीवर तिचे पाऊल पहिल्यांदाच पडत होते.

सर म्हणाले, "चूक माझी आहे. ती पद्धत व्यायामात मुरलेल्या तरुणांवर, सायकलच्या यंत्रावर तपासलेली. मी ती उपाशी पोरांवर घातली."

एवढ्या मोठ्या माणसाने आईसमोर चूक कबूल केली, हे मी विसरू शकत नाही.

त्या आठवड्यापासून सगळे बदलले. १५ सेकंद व्यायाम आणि ४५ सेकंद चालणे. वेग ज्याचा त्याचा. सर फुटाणे-गुळाची पिशवी आणत. आधी स्वतः मूठभर खात, मग सगळ्यांना देत. कोण उपाशी आहे, हे त्यामुळे कोणालाच कळत नसे. आम्हाला त्यांनी नाडी मोजायला शिकवले. १० सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजायचे आणि ६ ने गुणायचे. व्यायाम थांबताच माझे २९ ठोके भरत, म्हणजे मिनिटाला १७४. मिनिटभर चालल्यावर ते २५ वर येत. डिसेंबरअखेर २१ वर येऊ लागले. "दम किती आहे ते पळताना कळत नाही, थांबल्यावर कळतं," सर म्हणत.

हे सारे मी आईला समजावून सांगितले, तेव्हा ती हसली. "तुला दम खायाला शिट्टी तरी वाजती. आमास्नी बांधावर कोण वाजवतंय?"

जानेवारीत शाळा पुन्हा काही दिवस बंद झाली आणि मी भांगलणीला गेले. थोड्या थोड्या वेळाने मी तोंडानेच शिट्टी घालू लागले. पोरीच्या जातीने शिट्टी घालावी म्हणून बायका आधी हसल्या, पण दुसऱ्या शिट्टीला सगळ्यांच्या कंबरा सरळ झाल्या. मालकाने वळून पाहिले. आई खुरपे टेकून उभीच राहिली.

हे सगळे त्या दिवशी मैदानावर त्या मुलीला सांगायला वेळ नव्हता. मी एवढेच म्हणाले, "मीही एकदा असंच सांगितलं होतं," आणि डबा उघडला. ती थोडी थांबली, मग तिने अर्धी भाकरी घेतली.

आता कट्ट्यावर फुटाण्यांची पिशवी असते. आणण्याची पाळी आम्ही वाटून घेतली आहे. कोणी कोणाला काही विचारत नाही. धावण्याआधी सगळ्याच मूठभर खातात; मीही खाते, धावत नसले तरी.